खऱ्या रंगाचा दिवा

रेवती पिवळी पडली आहे हे हेमांगीला पहिल्यांदा दिसलं ते पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या जिन्यात. लिफ्ट बंद होती. दोन वॉर्डबॉय रेवतीला खुर्चीत बसवून वर नेत होते आणि जिन्याच्या वळणावर जुन्या पद्धतीची एक ट्यूब जळत होती. त्या उजेडात रेवतीने मान वर केली, "ताई, आलीस?" म्हणाली, आणि हेमांगीच्या हातातली पिशवी खाली पडली. धाकट्या बहिणीच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीत बुडवून काढल्यासारखं झालं होतं.

आदल्या दिवशीच दोघी व्हिडिओवर बोलल्या होत्या. रेवतीचे गाल तेव्हा गुलाबी होते. थकवा येतो, अंगाला खाज सुटते, जेवण जात नाही, असं ती सांगत होती. सातवा महिना, असं व्हायचंच, म्हणून हेमांगीने तिला आवळ्याचं सरबत घ्यायला सांगितलं होतं. रेवतीचा नवरा तुषार तर दिवसरात्र तिच्यासोबत होता. डॉक्टरांनी त्याला विचारलं, आठवडाभर तुम्ही हिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही का? पाण्यातून येणारी साधी कावीळ गरोदर बाईच्या यकृताचं काही दिवसांत मातेरं करते, चार दिवस आधी आणलं असतं तरी काही करता आलं असतं, असं ते म्हणाले. तुषार नुसता म्हणत राहिला की घरी ती छान दिसत होती. त्याच आठवड्यात रेवती गेली. पोटातलं बाळ तिच्याआधी गेलं.

तेरावं झाल्यावर हेमांगी तुषारबरोबर त्यांच्या फ्लॅटवर गेली. रेवतीच्या आजारपणातल्या आठवड्यासारखंच आभाळ भरून आलं होतं, घरात दिवसाही दिवे लावावे लागले. रेवतीच्या साड्यांची घडी घालता घालता तिने सहज वर पाहिलं. कित्येक दिवसांत धड जेवला-झोपला नाही असा तुषार समोर बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलासारखी टवटवी होती. हेमांगीने उठून दिवा बंद केला आणि खिडकी सताड उघडली. बाहेरच्या करड्या उजेडात तुषारचं तोंड राखेसारखं दिसलं. तिने पुन्हा दिवा लावला. गाल गुलाबी. मग ती खुर्चीवर चढली आणि तिने छतातला दिवा फिरवून काढून घेतला.

रंग हा हेमांगीचा पोटापाण्याचा धंदा होता. इचलकरंजीतल्या एका कापड प्रक्रिया कारखान्यात ती रंगविभागाची प्रमुख होती, आणि त्याआधी पुण्यात प्रकाशावर संशोधन करून तिने डॉक्टरेट मिळवली होती. घराचं काम चालू असताना रेवतीने तिला विचारलं होतं, ताई, कुठले दिवे घेऊ, सगळे रंग खरे दिसले पाहिजेत. हेमांगीने बाजारातल्या झाडून सगळ्या दिव्यांचे चाचणीचे आकडे पाहिले होते आणि 'अरुणिमा' घे म्हणून सांगितलं होतं.

पांढरा उजेड म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे. उन्हात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग सलग असतात. साध्या एलईडीत निळ्या उजेडावर पिवळसर लेप देऊन पांढरेपणा साधलेला असतो, गडद तांबडा त्यात जेमतेम असतो. डोळ्याला दोन्ही पांढरेच वाटतात. पण वस्तू जो रंग परत पाठवते तो आधी उजेडात असावा लागतो. म्हणून दुकानात डाळिंबी वाटलेली साडी घरी आणून उन्हात धरली की विटकरी निघते. दिव्याखालचे रंग किती अस्सल दिसतात, त्यावरून त्याला शंभरपैकी गुण देतात. 'अरुणिमा'ला अठ्ठ्याण्णव होते. एवढे गुण तोवर कुठल्याच घरगुती दिव्याला मिळाले नव्हते.

कारखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत हेमांगीने तो दिवा उजेडातले रंग सुटे करून मोजणाऱ्या वर्णपटमापकाखाली लावला. पडद्यावर उमटलेली रेघ अगदी उन्हासारखी होती, कुठे खड्डा नाही की उंचवटा नाही. पुन्हा पुन्हा मोजूनही दोष सापडेना. मग एकदा काहीतरी सरकवायला तिने दिव्याखाली हात घातला आणि रेघ हलली. पिवळ्याच्या जागी घळ पडली, तांबड्याकडचा भाग फुगला. हात काढला, की रेघ पूर्ववत.

खोलीत कुणी नसलं की वीज वाचावी म्हणून दिव्यात टाचणीच्या डोक्याएवढा कॅमेरा आहे, एवढं जाहिरातीतही लिहिलेलं होतं. तो कॅमेरा माणसाची त्वचा ओळखत होता, हे लिहिलेलं नव्हतं. दिव्यात सहा रंगांचा उजेड देणाऱ्या चिपा होत्या. माणूस दिसला की आतला प्रोसेसर त्यांचं मिश्रण बदलायचा, माणसाचं अंग निरोगी दिसेल इतपतच. भिंत पांढरीच राहायची, त्यामुळे कुणाला संशय यायचा नाही. आणि चाचणी तर रंगीत तुकड्यांवर होते, तिथे माणूस नसतोच. यंत्राला हा दिवा खरं सांगत होता आणि माणसांना खोटं.

हेमांगीने कारखान्याच्या कँटीनमधून हळद मागवली, पाण्यात कालवली आणि मनगटापासून बोटांपर्यंत चोपडली. हात दिव्याखाली धरला. पापणी लवायच्या आत हाताची पिवळाई विरली आणि तो हात एखाद्या धडधाकट बाईचा झाला. ती बराच वेळ तसाच हात धरून उभी होती.

'अरुणिमा' काढणारा विश्राम टिपणीस तिच्या ओळखीचा होता. दोघांनी एकाच प्रयोगशाळेत, एकाच मार्गदर्शकाच्या हाताखाली काम केलं होतं. हेमांगी त्याला भेटायला गेली तेव्हा त्याने तिचं ऐकून घेतलं, रेवतीबद्दल दुःख व्यक्त केलं, चहा मागवला. काहीच नाकारलं नाही. त्याच्या ऑफिसात सगळेच जण तजेलदार दिसत होते.

"आरशात आजारी दिसायला कुणी दिवे विकत घेत नाही," तो म्हणाला. "लोकांना जे हवंय तेच मी देतो. तो दिवा आहे हेमांगी, डॉक्टर नव्हे."

"मग गुण कशाला घेतलेस? खऱ्या रंगाचा म्हणून का विकतोस?"

"कायद्यात चाचणी जशी लिहिली आहे तशी आम्ही पास केली."

बाहेर पडताना तिला रडू आलं नाही. आपण ह्या माणसाचं वाटोळं करणार आहोत, एवढंच तिला कळलं, आणि रेवती गेल्यापासून पहिल्यांदाच तिला कडकडून भूक लागली.

नोकरी सोडून तिने गावाबाहेर एक रिकामी शेड घेतली. तुषारला पुण्यात राहवत नव्हतं, तोही आला. दोघांनी मिळून एक दिवा तयार केला, ज्याला कॅमेरा नव्हता, नेट नव्हतं, अक्कलच नव्हती. समोर माणूस असो की माठ, उजेड तोच. नाव ठेवलं 'ऊन'. एकीकडे तिने ग्राहक न्यायालयात आणि मानक ठरवणाऱ्या समितीपुढे तक्रारी केल्या. वृत्तवाहिन्यांवर ती हळदीचा हात घेऊन बसू लागली.

लोकांना 'ऊन' आवडलं नाही. एका बाईंनी दिवे परत आणून दिले, कारण त्यांना सासूबाईंच्या चेहऱ्यावरचे सगळे डाग दिसायला लागले आणि सासूबाईंना त्यांच्या. एका हॉटेलवाल्याने भाजी शिळी दिसते म्हणून भांडण काढलं. पण मग बाळंतिणींच्या डॉक्टरांनी विचारणा सुरू केली, नवजात बाळांच्या काविळीसाठी. साडीवाले आले, चित्रकार आले. आणि एक दिवस मानक समितीने नोटीस काढली की माणूस पाहून रंग बदलणाऱ्या दिव्यांवर सुनावणी होणार. 'अरुणिमा'चे शेअर घसरले. हेमांगीने ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. तिला त्या शेअरांशी देणंघेणं नव्हतं. टिपणीस आता घाबरला असेल, हे तिला चाखायचं होतं.

तो घाबरला होताच. श्रावणातल्या एका झाकोळलेल्या दुपारी काळ्या काचांची गाडी शेडपुढे थांबली आणि टिपणीस स्वतः आत आला. दोन्ही कंपन्या एकत्र करू, 'ऊन' आमच्या छत्राखाली येऊ दे, तक्रार तेवढी मागे घे, असं त्याचं म्हणणं होतं. हेमांगी नाही म्हणायला तोंड उघडणार इतक्यात तो टेबलावर पुढे वाकला. वर 'ऊन' लावलेलं होतं.

त्याच्या डोळ्यांतलं पांढरं पांढरं नव्हतं.

फार नाही, जुन्या कागदाला येते तेवढी झाक. दुसऱ्या कुणाला कदाचित कळली नसती. पण हेमांगीने आयुष्यभर हेच केलं होतं, पांढऱ्यात किती पिवळं मिसळलंय ते ओळखणं. बोलता बोलता तो दंड खाजवत होता. वजन बरंच उतरलंय, संध्याकाळचं जेवण सोडल्याचा परिणाम, बायको खूश आहे, असं त्याने सहज सांगितलं. ह्याच्या घरी, ऑफिसात, न्हाणीघरातसुद्धा ह्याचेच दिवे असणार, हे तिच्या लक्षात आलं. त्याला लघवीचा रंगही खरा दिसत नसेल. आणि भोवतालच्यांना तो दिसतो गुलाबी.

"विचार करायला वेळ दे," ती म्हणाली. "पुन्हा ये."

तो गेल्यावर तिने रेवतीच्या आजारपणापासून जमवलेली सगळी माहिती आठवून पाहिली. पोट न दुखता हळूहळू चढत जाणारी कावीळ, खाज, झडणारं वजन. पित्ताची वाट कशाने तरी अडली असणार, आणि ह्या वयात ती बहुतेक कर्करोगाच्या गाठीने अडते हे तिला ठाऊक होतं. वेळेत सापडलं तर शस्त्रक्रिया होते. उशीर झाला की होत नाही.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

गणपती झाल्यावर तिने त्याला पुन्हा बोलावलं. बोलायचं काही नव्हतंच, तिला फक्त पाहायचं होतं. रंग एका पायरीने गडद झाला होता. त्याने कराराचा मसुदा आणला होता, ती एकेका कलमावर शंका काढत बसली आणि मान हलवता हलवता त्याच्याकडे पाहत राहिली. भट्टीतल्या कापडावर रंग कसा चढत जातो ते पाहावं तसं. आता चढू दे, तिच्या मनात आलं. मुरू दे.

ह्या वेळी तुषार शेडमध्ये होता. टिपणीसची गाडी वळताच त्याने विचारलं, "ताई, तुला दिसलं ना?"

ती मसुद्याची पानं लावत राहिली.

"आधीच्या वेळीही दिसलं होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली. तुषार खाली बसला. त्याने एवढंच म्हटलं की डॉक्टरांचा तो प्रश्न त्याच्या कानातून अजून जात नाही, आठवडाभर पाहिलंच नाही का. त्याला तेव्हा दिसलं नव्हतं, आणि ज्याला दिसतं त्याने गप्प बसायचं हे त्याला सहन होणार नाही. "तू सांग," तो म्हणाला. "नाहीतर मी सांगतो."

सांगते, असं हेमांगीने कबूल केलं. आणि तिने सांगितलंही.

पुढच्या आठवड्यात टिपणीस पुन्हा आला त्या दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. तुषार मालाच्या कामाला कोल्हापूरला गेला होता. उकाड्यामुळे शेडचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. हेमांगीने टिपणीसला दिव्याखाली बसवलं, त्याच्या हातात आरसा दिला आणि म्हणाली, "विश्राम, तुला कावीळ झाली आहे. डोळे बघ. आजच्या आज डॉक्टरांकडे जा."

त्याने आरशात पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग तो हसला, आरसा टेबलावर ठेवला आणि वरच्या दिव्याकडे बोट केलं.

"छान प्रात्यक्षिक आहे. किती पिवळं घातलंयस ह्यात?"

"काहीच घातलेलं नाही."

"समितीपुढे हेच दाखवणार आहेस ना? मला वाटलं होतं तू माझ्यासारखी नाहीस." तो उठला. घरी जाऊन आरशात बघतो, असं म्हणाला. तो चेष्टेनेच म्हणाला, पण हेमांगीला माहीत होतं की तो खरंच बघेल आणि त्याला काय दिसेल.

दोन पावलांवर शटर होतं. ते वर ढकलून, आरसा घेऊन त्याला अंगणात उभं केलं असतं तर पुढे एक शब्द बोलायची गरज नव्हती. उन्हावर कुणी कंपनीचा शिक्का मारलेला नव्हता. हेमांगीचा हात शटरच्या कडीपर्यंत गेला. टिपणीस वाकून बाहेर पडला, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि काळ्या काचांच्या गाडीत बसला. तिने शटर पुरतं खाली ओढून घेतलं.

संध्याकाळी तुषारने विचारलं. सांगितलं, ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

दिवाळीनंतर सुनावणी झाली तेव्हा टिपणीसची खुर्ची रिकामी होती. कंपनीच्या वकिलांनी फारसा प्रतिवाद केला नाही. समितीचा निकाल हेमांगीच्या बाजूने लागला, माणूस पाहून रंग बदलणारे दिवे घरगुती वापरासाठी विकता येणार नाहीत. बाहेर पत्रकारांनी तिला गराडा घातला. तिने जे ठरवलं होतं ते सगळं झालं होतं. तेवढ्यात टिपणीसच्या बायकोचा, गार्गीचा, फोन आला. त्यांना तुम्हाला भेटायचंय, ती म्हणाली.

हॉस्पिटलची खोली पूर्वेची होती, सकाळचं ऊन थेट पलंगावर आलं होतं. उन्हात टिपणीस पिकल्या पानासारखा दिसत होता. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ होती, तिने पित्ताची वाट अडवली होती आणि आता ती रक्तवाहिनीला चिकटली होती. कापता येणार नाही, डॉक्टर म्हणाले होते. महिनाभर आधी कदाचित कापता आली असती. हे त्याने स्वतःच सांगितलं, प्रयोगाचे निष्कर्ष सांगावेत तसं. नंतर गार्गीला चहा आणायला बाहेर पाठवलं.

"त्या दिवशी बाहेर ऊन होतं, हेमांगी."

"होतं."

"मला बाहेर का नाही नेलंस?"

तिने कारण शोधलं नाही. "तू वाचायला नको होतास म्हणून," ती म्हणाली.

टिपणीसने डोळे मिटले. राग आला होता की नाही, तिला कळलं नाही. डोळे न उघडताच तो म्हणाला, "मी जे लपवलं ते मला दिसत नव्हतं. तुला दिसत होतं." आणि मग, जणू काम संपलं, असं तोंड भिंतीकडे वळवलं.

बाहेर गार्गी चहाचे कप घेऊन उभी होती. तिने एक कप हेमांगीला दिला आणि रिकाम्या झालेल्या हाताने तिचा हात धरला. तुम्ही सांगितलं होतंत, आपणच ऐकलं नाही, असं ते मला म्हणाले, ती सांगत होती. एवढं वैर असून तुम्ही सावध केलंत. मीही त्या रात्री त्यांच्याकडे नीट बघितलं होतं हो, मला तर ते अगदी ठीक दिसले.

टिपणीसने बायकोपुढे तिला वाचवलं होतं. हेमांगीला हे तिथेच, चहाचा कप हातात असताना कळलं, आणि त्याचे उपकार तिला क्षणभरही सोसवले नाहीत.

"मी सांगितलं, पण पटेल असं सांगितलं नाही," ती म्हणाली. "त्याला उन्हात उभं केलं असतं तर दिसलं असतं. मी मुद्दाम नेलं नाही. त्याच्या आधीही दोनदा पाहिलं होतं आणि गप्प बसले."

गार्गीने हात काढून घेतला. ती ओरडली नाही, काही विचारलंही नाही. ती हेमांगीकडे पाहत राहिली, आणि हेमांगीने ती नजर ओळखली. एखाद्याचं वाटोळं करायचं ठरलं की माणूस असा शांत होतो.

टिपणीस नाताळच्या आधी गेला. हेमांगीने तुषारला सगळं सांगितलं. तो दोन दिवस शेडकडे फिरकला नाही, तिसऱ्या दिवशी आला आणि कामाला लागला, पण तिला ताई म्हणून हाक मारायचं त्याने सोडलं. हेमांगी गार्गीची वाट पाहत राहिली. पोलीस येतील, वकिलाची नोटीस येईल, वर्तमानपत्रात काहीतरी छापून येईल. महिने गेले, काहीच आलं नाही.

मग गुढीपाडव्याला 'अरुणिमा'ची नवी मालकीण टीव्हीवर दिसली. गार्गीने कंपनी हातात घेतली होती. जुने सगळे दिवे कंपनी बदलून देणार होती, एकही पैसा न घेता, घरोघरी माणूस पाठवून. नव्या दिव्यात कॅमेरा नव्हता. तो सगळ्यांशी खरं बोलणार होता, आणि 'ऊन' ज्या किमतीत कधीच विकता आलं नसतं त्या किमतीत मिळणार होता.

उन्हाळा संपेपर्यंत साडीवाले गेले, चित्रकार गेले. बाळंतिणींच्या डॉक्टरांनी तर दिलगिरीचे फोन केले. हेमांगीला कुणाला शिव्याही देता येईनात, कारण हेच तर व्हावं म्हणून तिने सगळं केलं होतं. शेड रिकामी करायची वेळ आली तेव्हा तुषारने बाजारातून गार्गीचा एक दिवा विकत आणला आणि न बोलता तिच्यापुढे ठेवला.

तिने तो अंधाऱ्या खोलीत लावला. रेघ उन्हासारखी आली. तिने दिव्याखाली हात घातला, मग चेहरा, मग तुषारला उभं केलं. रेघ हलली नाही. गडद तांबड्याकडे तर ती 'ऊन'पेक्षा सरस होती, जिथे हेमांगीला दोन वर्षं झगडूनही यश आलं नव्हतं.

"कसा आहे?" तुषारने विचारलं.

"चांगला आहे," हेमांगी म्हणाली. तो दिवा तिने काढला, घरी नेला आणि स्वयंपाकघरात लावला.